चीफसाहेबांचे निर्बंध

रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्या त्या वर्षी आमच्या घराला पहिला फटका बसला तो काकूच्या सूर्यफुलाच्या तेलाला, आणि दुसरा माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला. पहिल्या फटक्याबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलं. दुसऱ्याबद्दल मलाच सांगावं लागणार, कारण त्या काळात दोन्ही बाजूंना माल पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

आमची वाडी आगाशीच्या अलीकडे. केळी, थोडी पानवेल, कुंपणाला सोनचाफा. माझे वडील गेल्यापासून वाडी काकाच बघतात. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. केळीला पाणी सोडतासोडताही ते बाजूच्या माणसाला पहिलं महायुद्ध कसं टळलं असतं ते समजावून सांगतात. रशियावर त्यांचा जीव. त्याला राजकारण कारणीभूत नव्हतं, कागद होता. त्यांच्या लहानपणी गावात पुस्तकांची गाडी यायची आणि तिच्यात मराठीत छापलेली रशियन पुस्तकं मिळायची, अगदी स्वस्त, रंगीत चित्रांची. तिथल्या मासिकांचा गुळगुळीत कागद शाळेच्या पुस्तकांना कव्हर म्हणून घालायचे. काकांच्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर एक गुबगुबीत बाई ट्रॅक्टरवर बसून हसत होती. त्या बाईच्या देशाला कोणी नावं ठेवलेली काकांना खपत नसत.

चीफसाहेब मूळचे आमच्याच गावातले. बोटीवर चीफ इंजिनियर होते, म्हणून गाव त्यांना चीफसाहेब म्हणतं, आणि त्यांची बायकोही चारचौघांत तेच म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नायगावच्या एका टॉवरमध्ये फार वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ‘जन्मभर बोटीच्या पोटात काढलं, आता जरा वर राहतो,’ म्हणाले. नोकरीत असताना त्यांची बोट एकदा दुरुस्तीसाठी ओदेसाच्या बंदरात अख्खा हिवाळा अडकली होती. तेव्हापासून युक्रेनविषयी ते असं बोलत की जणू त्यांची सासुरवाडीच तिथे आहे.

या चीफसाहेबांच्या मुलाशी काकांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं, जमलं होतं. दोघांनी आपापसात जमवलं आणि मग आम्हाला कळवलं. साखरपुडा झाला. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा असं ठरलं. दोन्ही घरं खूश होती. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की काकूला काळजीच वाटायला लागली होती.

आता माझा भाग. सातिवलीतल्या खोके बनवणाऱ्या एका युनिटच्या ऑफिसात मी नोकरी करते आणि गावच्या वाचनालयाची चिटणीस आहे. ज्या बैठकीत चिटणीस निवडायचा होता तिला मी एकटीच गैरहजर होते, त्यामुळे माझी बिनविरोध निवड झाली. वाचनालयात महिन्यातून एका रविवारी जाहीर चर्चा होते. एप्रिलसाठी विषय सुचवायला काका आले आणि त्यांच्या पाठोपाठ चीफसाहेबांचा फोन आला. दोघांनाही एकाच विषयावर बोलायचं होतं. मी आनंदाने फळ्यावर लिहिलं: ‘युद्धाचं समर्थन करता येतं का? आक्रमण करणाऱ्या देशावर निर्बंध घालावेत का?’

काकूने फळा वाचला आणि विचारलं, “दोघांना एका व्यासपीठावर बसवतेस?”

“सुशिक्षित माणसं आहेत ती,” मी म्हटलं.

“म्हणूनच विचारते.”

त्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्षपदी मी. मागच्या रांगेत बहीण आणि तिचा होणारा नवरा एका पाकिटातून वेफर्स खात बसले होते. पहिले बोलायला काका उठले. त्यांनी माइक हातात घेतला, त्याने शीळ घातली, आणि काकांनी सरळ वाडीतच हात घातला.

“समजा, तुमच्या वाडीच्या बांधाला लागून शेजाऱ्याने आज एक गुंड आणून बसवला. उद्या दुसरा. परवा तिसरा. सगळ्यांच्या हातात कोयते. शेजारी म्हणतो, छे छे, ही तर माझी पाहुणेमंडळी! तुम्ही किती दिवस गप्प बसाल?”

सभागृह विचारात पडलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी आहे आणि बांधावरून काकांचं आणि त्यांचं जुनं दुखणं आहे.

“हे माझ्याबद्दल चाललंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो, रशियाबद्दल,” मी म्हटलं.

“मग त्यात बांध कुठून आला?”

“उदाहरण आहे ते.”

“माझ्याकडे पाहुणे येतात त्यांना गुंड म्हणायचं, हे कसलं उदाहरण?”

त्यांना खाली बसवेपर्यंत चीफसाहेबांनी माइकचा ताबा घेतला होता. “धरून चालू की गुंड बसवले,” ते म्हणाले. “म्हणून तुम्ही शेजाऱ्याच्या घरात घुसून त्याची चूल फोडाल? त्याच्या पोराबाळांना रस्त्यावर काढाल?”

“त्या घरात आमची भाषा बोलणारी माणसंही राहतात,” काका म्हणाले. “त्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून…”

“म्हणून त्यांच्याच डोक्यावर छप्पर पाडायचं? वा!”

इथे टाळ्या पडल्या. खरं तर चर्चा इथपर्यंत फार छान चालली होती. काकांनी विचारलं की याआधी दुसऱ्या मोठ्या देशांनी खोटी कारणं सांगून दुसऱ्यांवर स्वाऱ्या केल्या तेव्हा हे निर्बंधवाले कुठे होते. चीफसाहेब म्हणाले, तेव्हाही घालायला हवे होते, पण काल एका चोराला सोडलं म्हणून आजच्या चोराला चहा पाजायचा का? काका म्हणाले, निर्बंध घालणारे एका हाताने बंदी घालतात आणि दुसऱ्या हाताने त्याच देशाचा गॅस घेऊन घरं ऊबदार ठेवतात. चीफसाहेब म्हणाले, “मालाला बंदर मिळेना की भल्या भल्या देशांना घाम फुटतो. मी स्वतः पाहिलंय. जगातली सगळी बंदरं पाहिलीत मी.”

आणि काकांच्या जिभेवर ते वाक्य आलं. आलेलं वाक्य गिळणं त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नाही.

“पाहिलीत, पण इंजिनरूममधून. तिथून साधा समुद्रही दिसत नाही.”

काय हशा पिकला! मीही हसले. चीफसाहेबांचे कान लाल झाले. “आणि यांनी रशिया पाहिला तो भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरावर!” त्यांच्या या वाक्याला त्याहून मोठा हशा मिळाला. तिथे दोघांनी थांबायला हवं होतं. हशाची बरोबरी झाली होती. पण चीफसाहेब रागात पुढे गेले.

“जो माणूस उघड उघड आक्रमणाची बाजू घेतो, त्याच्या घरी माझ्या मुलाने जावई म्हणून जायचं का, हाही मला आता प्रश्न आहे.”

मागच्या रांगेत वेफर्सच्या पाकिटाचा आवाज थांबला. नेमकी त्याच वेळी खाली मासळी विकायला बसणारी अर्नाळ्याची कोळीण जिना चढून वर आली आणि दारातून म्हणाली, “ताई, तुमचा झाला का भांडून? मना जरा पानी पायजे.”

मी तिला पाणी दिलं आणि सभा संपली असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चीफसाहेबांचा निरोप आला. माणूस बोलतो तसं वागणारा. निर्बंधांवर आपला विश्वास असल्यामुळे आपण ते स्वतःपासून सुरू करत आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या वाडीतला चहा बंद. सोनचाफ्याची फुलं बंद. सुकेळी बंद. लग्नाविषयीची बोलणी, समोरचा पक्ष आपलं विधान मागे घेईपर्यंत, स्थगित.

सुकेळी वाचून आम्ही चकित झालो. आमच्याकडची राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात वाळवायची, मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या पानात बांधायची, ही काकूची खासियत. चीफसाहेब बोटीवर असताना तिच्या सुकेळीची पुडकी जगभर फिरली आहेत. सकाळच्या चहाबरोबर एक सुकेळं खाल्ल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

काका चिडून ओटीवर येरझाऱ्या घालायला लागले. “ठीक आहे! आपणही निर्बंध घालू. त्यांच्याकडून आपण काय काय घेतो?”

काकू तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, “मुलगा.”

काका थांबले. मग केळीला पाणी सोडायला निघून गेले.

बहिणीने मात्र हे सगळं फार थंडपणे घेतलं. ती म्हणाली, “तुम्ही खुशाल भांडा. मंडपवाल्याला आम्ही ॲडव्हान्स दिलाय.” पण संध्याकाळी विहिरीपाशी ती एकटी उभी दिसली. मी जवळ गेले तर म्हणाली, “ताई, मला नं, भांडणाचं काही वाटत नाही. बाबा चुकून खरं बोलून बसतील आणि मग ते मागे घेता येणार नाही, याची भीती वाटते.” तिचे डोळे भरले होते. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपण फळ्यावर दुसरा एखादा विषय लिहिला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात नायगावहून चीफसाहेबांच्या पत्नीचा फोन आला. त्यांना मी मावशी म्हणते. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “अगं, सकाळपासून कपाटं उघडतात आणि बंद करतात. काय शोधताय विचारलं तर म्हणतात, काही नाही. तू सातिवलीला येतेसच. तिथून इथे यायला कितीसा वेळ लागतो?”

काकूला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने दोन पुडकी बांधून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्कूटर नायगावकडे वळवायची, खाली वॉचमनपाशी मावशींच्या हातात पुडकं द्यायचं, असा माझा परिपाठ सुरू झाला. परतीच्या फेरीत मावशी काकूसाठी लग्नाच्या साड्यांचे नमुने पाठवायच्या. बोलणी स्थगित होती ती पुरुषांची.

एकदा मावशींनी मला वर नेलं, कारण चीफसाहेब घरी नसतील असा त्यांचा समज होता. ते होते. टेबलावर बशीत सुकेळं होतं.

“हे कुठून आणलं?” त्यांनी मावशींना विचारलं, पण बघत होते माझ्याकडे.

“कामणच्या एका बाईकडून,” मावशी म्हणाल्या.

“कामणला राजेळी होते?”

“आता होते.”

“कामणला तर सगळी गोदामं आहेत.”

“मग गोदामातून आणली असेल. तुम्हाला खायचीत की चौकशी करायचीय?”

चीफसाहेबांनी एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. मग मला म्हणाले, “आमचे निर्बंध मालकावर आहेत. मालावर नाहीत. हे काकांना सांगायची गरज नाही.”

मी सांगितलं नाही. काकूला सांगितलं. काकूने ते काकांना त्याच रात्री जेवताना सांगितलं, आणि काका फार दिवसांनी मोकळेपणाने हसले.

पण नुसत्या हसण्याने काही सुटेना. पावसाळा आला, गणपती येऊन गेले. इकडे काका म्हणत, मी विधान मागे घेणार नाही, इतिहास माझ्या बाजूने आहे. तिकडे चीफसाहेब म्हणत, तत्त्वाचा प्रश्न आहे. मुहूर्त जवळ येत चालला आणि बहीण जेवताना गप्प राहायला लागली. शेवटी काकू, मावशी आणि मी आमच्या स्वयंपाकघरात बसलो. वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता मावशी म्हणाल्या, “यांना एकदा एकमेकांच्या जागी उभं करा. चीफसाहेबांना युद्धाची बाजू घ्यायला लावा. तुमच्या काकांना निर्बंधांची. बघू कसं जमतं ते.”

“तयार होणार नाहीत,” काकू म्हणाली.

“ते माझ्यावर सोडा,” मी म्हटलं.

मी काकांकडे गेले आणि सहज सांगितलं की चीफसाहेब म्हणत होते, बाजू बदलून बोलणं काकांना झेपायचं नाही. मग नायगावला फोन करून चीफसाहेबांना सांगितलं की काका म्हणत होते, चीफसाहेबांना झेपायचं नाही. दोघांचीही संमती मला संध्याकाळच्या आत मिळाली.

आणि इथून जे झालं ते माझ्या हिशेबात नव्हतं. मला वाटलं होतं, थोडी गंमत होईल, लोक हसतील, दोघं वरमतील. पण काका शेवटी मास्तर. त्यांनी अभ्यास सुरू केला. चष्मा लावून ते वाचत बसायचे, मोबाइलवर बातम्या बघायचे, आणि मध्येच मोबाइल पालथा ठेवून वाडीत निघून जायचे. एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले.

“मला नायगावला घेऊन चल.”

“कोणाकडे?”

“तू रोज जातेस त्याच घरी.”

चीफसाहेबांनी दार उघडलं. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे. “तुम्ही?” चीफसाहेब म्हणाले.

“अभ्यासाला आलोय,” काका म्हणाले. “ओदेसा कसं आहे ते मला माहीत नाही. पुस्तकात जे आहे त्यावर भाषण होत नाही. तुम्ही राहिलायत तिथे.”

चीफसाहेब बाजूला झाले. काका आत आले, सोफ्याच्या कडेला बसले. मावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि त्यांनी नवऱ्याला विचारलं, “चहा निर्बंधात येतो का?”

चीफसाहेबांनी खरोखरच विचार केला. “त्यांच्याकडचा मी प्यायचा नाही असं होतं. आपल्याकडचा त्यांनी प्यायचा नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.”

चहा आला. मग चीफसाहेब बोलायला लागले. बंदरावरून शहरात चढत जाणाऱ्या लांबलचक पायऱ्या. बर्फाने पांढरी झालेली क्रेन. गोदीतला एक मेकॅनिक, ज्याच्याबरोबर त्यांनी इंजिनाचा एकेक भाग उतरवला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पाने-हातोड्यांच्या भाषेत बोलायचे. त्याची आई रोज डब्यात बीटाचं लालभडक सार पाठवायची आणि हा हिंदुस्थानी थंडीने मरेल म्हणून काळजी करायची.

“अजून संपर्क आहे?” काकांनी विचारलं.

चीफसाहेबांनी मोबाइल काढून काकांच्या हातात दिला. युद्ध सुरू झाल्यापासून ते त्या मेकॅनिकला दर रविवारी विचारत होते, कसा आहेस. दर वेळी पलीकडून एकच शब्द आला होता: आहे. पुढच्या रविवारी पुन्हा: आहे. काकांनी स्क्रीन वर सरकवली, आणखी वर सरकवली. एका ठिकाणी चीफसाहेबांनी तीनदा विचारलं होतं आणि उत्तर नव्हतं. मग पुढे पुन्हा तोच शब्द होता.

काकांनी स्क्रीन परत खाली, शेवटच्या ‘आहे’पर्यंत आणली. मग म्हणाले, “मी हल्ल्याची बाजू घेत नव्हतो हो. मला ती माणसं वाईट आहेत हे पटतच नाही. लहानपणी आमच्या घरात तेवढीच रंगीत चित्रं होती.”

“माणसं वाईट नाहीतच,” चीफसाहेब म्हणाले. “माझ्या बोटीवर अर्धे रशियन होते. मला मलेरिया झाला तेव्हा सेकंड इंजिनियरने सगळी ड्यूटी माझ्या वाटची केली. तो आता म्हातारा झाला असेल, पेन्शनीवर असेल. मी त्या देशाचे सगळे व्यवहार बंद करा म्हणतो तेव्हा मला तो दिसतो. पण दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही. नुसतं बघत बसायचं?”

काकांनी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. परत निघताना दोघंही लग्नाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मावशींनी मला लिफ्टपाशी चिमटा काढला, त्याचा अर्थ ‘गप्प राहा’ असा होता.

दुसऱ्या चर्चेला पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली, कारण गावाला मारामारीची आशा होती. चीफसाहेब पहिले उठले. त्यांनी युद्धाचं समर्थन केलं, आणि काय केलं! आवाज चढवला, उतरवला. आजूबाजूला जमवलेल्या फौजा, जुने मोडलेले शब्द, आपल्या भाषेच्या लोकांवरचा अन्याय, आधी इतरांनी केलेल्या स्वाऱ्या, सगळं एकेक करून मांडलं. काकांनी एप्रिलमध्ये जे बांधावरच्या कोयत्यांत घालवलं होतं ते त्यांनी वकिलासारखं सिद्ध केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. एप्रिलमध्ये त्यांना मिळालेल्या टाळ्यांच्या दुप्पट.

चीफसाहेब टाळ्या थांबायची वाट बघत उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

“तुम्ही टाळ्या का वाजवल्या?” त्यांनी विचारलं. “हे मी चार पुस्तकं आणि मोबाइल घेऊन जमवलं. यातलं सगळं खोटं नाही. बरंचसं खरं आहे. पण एवढं सगळं बोलताना मी एकदाही तिथल्या एका माणसाचा उल्लेख केला नाही, आणि तुमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. मला आता खाली बसू द्या.”

ते बसले. पहिल्या रांगेतली एक आजी शेजारणीला म्हणाली, “बरं बोलत होते, मध्येच काय झालं?”

मग काका उठले. निर्बंधांची बाजू. त्यांचं भाषण फसलं. ते ओदेसाच्या पायऱ्यांपासून सुरू झाले, बीटाच्या सारापर्यंत आले, आणि तिथेच अडकले. सावरण्यासाठी ते पाणी प्यायले आणि त्यांनी कठोर व्हायचं ठरवलं. आक्रमण करणाऱ्याशी तेल, गॅस, खत, हिरे, सगळा व्यवहार तोडा, त्यात आपलं नुकसान झालं तरी सोसा, असं ते म्हणाले. ज्याने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं त्याला शेजाऱ्यांनी वाळीत टाकलंच पाहिजे!

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ ताबडतोब उभे राहिले. “माझा पाठिंबा! गेल्या पावसाळ्यात यांचा बांध माझ्या हद्दीत वीतभर आलाय. आजपासून यांच्यावर निर्बंध घाला.”

गावाला हवी होती तशी गंमत शेवटी झाली. हसण्याचा भर ओसरल्यावर मी मतदान घेतलं. युद्धाचं समर्थन करता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. बरेच हात वर झाले. आक्रमण करणाऱ्या देशावर कडक निर्बंध घालावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी करावेत. पुन्हा बरेच हात वर झाले, आणि मी व्यासपीठावरून नीट पाहिलं, ते बहुतेक तेच हात होते. अध्यक्ष म्हणून मी निकाल राखून ठेवला. तो अजून राखलेलाच आहे.

लोक खाली उतरत होते तेव्हा काका चीफसाहेबांजवळ गेले. बहीण आणि तिचा होणारा नवरा खुर्च्या एकात एक रचत होते. दोघांनी आवाज न करता हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या.

“इंजिनरूममधून समुद्र दिसत नाही, हे वाक्य मी मागे घेतो,” काका म्हणाले.

“राहू द्या,” चीफसाहेब म्हणाले. “खरंच दिसत नाही. मी कव्हराचं वाक्य मागे घेतो.”

“तेही खरंच आहे.”

“मग मागे काय घ्यायचं?”

दोघांनी विचार केला. तेवढ्यात काकू जिन्यावरून ओरडली, “मागे काही घेऊ नका, पुढचं बोला! केळवणाला कोण कधी येतंय?”

लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरल्याप्रमाणे झालं. आमच्याकडच्या कॅथलिक शेजाऱ्यांनी बँड आणला, पंक्ती वाडीतच उठल्या. दोन्ही बापांना एका सोफ्यावर बसवलं होतं आणि त्यांच्यामध्ये मावशींनी मुद्दाम एक जाड बाई बसवली होती, दूरची आत्या. तिच्या पलीकडून आणि अलीकडून दोघं निर्बंधांमुळे धान्याच्या जहाजांचं काय होतंय यावर बोलत होते आणि आत्या बिचारी दोन्हीकडे मान डोलवत होती. पाठवणीच्या वेळी काका रडले नाहीत, चीफसाहेब रडले. काकांनीच त्यांना पाणी आणून दिलं. युद्ध मात्र संपलं नव्हतं. ते अजून चालू आहे.

जानेवारीच्या चर्चेसाठी वाचनालयाच्या समितीने मला ताकीद दिली की यापुढे परदेशाचं नाव फळ्यावर दिसता कामा नये. विषय निर्धोक हवा, सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा हवा. खूप विचार करून मी ‘केळीवरचा करपा: औषध फवारावं की पानं जाळावीत?’ असं लिहिलं. काका फवारणीच्या बाजूने, चीफसाहेब जाळण्याच्या. आयुष्यात केळीचं एक झाडही न लावलेल्या चीफसाहेबांनी बोलायला सुरुवात केल्यावर पहिल्याच मिनिटाला अर्धं सभागृह उभं राहिलं. त्या दिवशी एक खुर्ची मोडली, माइकची वायर तुटली आणि पोलीस पाटलांना बोलवावं लागलं. ते आले, त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या, आणि टोपी काढून टेबलावर ठेवत मला म्हणाले, “ताई, मलाही पाच मिनिटं द्या. माझी पण केळीची बाग आहे.”